लांब पल्ल्याच्या सागरशर्यती आणि नौकांचे वर्ग

दोन अरुंद नौका शेजारी जोडून केलेली कॅटमरान हलकी व वेगवान असते; परंतु भर समुद्रात पूर्ण उलटली की ती आपणहून सरळ होत नाही. सबब लांब पल्ल्याच्या शर्यतीत कोणत्या वर्गाच्या नौका घ्याव्यात, हा प्रश्न खलाशाच्या प्राणाशी निगडित आहे. १९६८ च्या एकहाती पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत असे बंधन नव्हते. निघालेल्या नऊ नौकांपैकी नायजेल टेटली यांची तीन अंगांची नौका परतीच्या वाटेवर फुटून बुडाली. शर्यत पूर्ण केली ती एकाच नौकेने. मुंबईत सागवानात बांधलेल्या, ३२ फुटी ‘सुहेली’ने! पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये ही शर्यत पुन्हा भरविताना ३२ ते ३६ फुटांच्या, तळाशी लांब व वजनदार कणा असलेल्या एकअंगी नौकांनाच प्रवेश मिळाला. हे बंधन उचितच होय. कॅटमरानांना मात्र लांबीनुसार स्वतंत्र वर्ग द्यावेत.