दरेकसा रस्त्यावरचे मिस्त्री

पहाटे ५.१०

ऑगस्टमधला रविवार. रात्रभर कोसळून पाऊस आत्ताच थांबलाय. सालेकसा-दरेकसा रस्त्यावरच्या एका टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, मिस्त्री ताडपत्री गुंडाळतात. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचं छप्पर, एक लाकडी पेटी आणि आंब्याच्या फांदीला टांगलेले जुने टायर. पलीकडे हावडा-मुंबई लाइनवरून मालगाडी जाते. घड्याळ असून मिस्त्री ते बघत नाहीत.

दुकान घातलं तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. तेव्हा मिस्त्रींकडे भाड्याच्या सायकली होत्या, तासाला रुपया. आता त्यातली एकही नाही. एकीची फ्रेम तेवढी उरलीय, तिला पंप टेकवून ठेवतात.

५.४५

पहिलं गिऱ्हाईक डोंगरातून उतरलंय. काळी सायकल, कॅरिअरला टोपली, टोपलीवर पळसाची पानं. आत सात्या. जंगलातल्या या अळिंब्या पावसात दोन-चार आठवडेच मिळतात आणि दुपारपर्यंत काळ्या पडायला लागतात. मागचं चाक बसलंय. शेवटची दोन किलोमीटर गड्याने सायकल ढकलत आणली.

"जल्दी करा जी. बाजार सरते."

मिस्त्री चाक काढत नाहीत. दोन पान्यांच्या शेपट्या टायरखाली घालून एक बाजू उचकटतात, ट्यूब ओढून घमेल्यातल्या पाण्यात दाबतात. दोन ठिकाणी बुडबुडे. पुसणं, पॉलिश पेपरने घासणं, सोल्युशन, फुंकर. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून वर बसवतात, हातोडीच्या दांड्याने ठोकतात. ट्यूब जोडणं सोपं असतं. अवघड असतो काटा. टायरच्या आतून बोट फिरवत जातात, हळूहळू, सगळा वेढा. तिसऱ्या खेपेला बोट थांबतं. बांबूची शीक, नखाएवढी. बाहेरून दिसतही नव्हती. चिमट्याने उपसतात.

तीस रुपये झाले. गड्याकडे सुट्टे नाहीत, बंदेही नाहीत. टोपलीतून सात्यांचा एक वाटा निघतो आणि पेटीवर ठेवला जातो. बाजारात तो पन्नासला जाईल. यावर कोणीच काही बोलत नाही.

८.०५

चहा. नंतर दोन मुली, आठवी-दहावीतल्या. शाळेला सुट्टी म्हणून सायकली दाखवायला आल्यात. मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली आहेत. आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी ३,५०० मिळायचे, ते पुढे ५,००० झाले. पाच किलोमीटर कागदावर सरळ असतात. इथे त्यात दोन चढ, एक नाला आणि मुरमाचा उतार येतो.

"काका, ब्रेक लागतच नाही."

"मग थांबते कशी?"

"चप्पल लावते टायरले."

मिस्त्री तिची चप्पल उलटी करून बघतात. टाचेला खाच पडलीय. ब्रेकचे रबर पार झिजून लोखंड रिमवर घासतंय, रिमला रेघा पडल्यात. चारही रबर बदलतात. वायर ओढून नट आवळतात, चाक फिरवून ब्रेक दाबतात, पुन्हा आवळतात.

"दाबून नको ठेवू. सोड-दाब, सोड-दाब कर. ओला रिम पहिल्या दाबाले पुसला जाते, दुसऱ्याले थांबते."

दुसरीच्या मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेत. ही बहिणीला मागे बसवून शाळेत जाते. स्पोक घालून मिस्त्री चाकाचा आउट काढायला बसतात. चाक फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, खडू लागला त्या बाजूचे निप्पल पाव आट्याने सैल, समोरचे पाव आट्याने घट्ट. वीस मिनिटं जातात. पहिलीचे ६०, दुसरीचे ५०. सालेकशाच्या दुकानात जास्त घेतले असते. मिस्त्रींनी भाव का वाढवला नाही, असं विचारलं तर म्हणाले, "इथं वाढवला तर त्या चपलेनेच थांबतील."

१०.४०

हेल्मेट घातलेले चौघे. गोंदियाहून निघालेत, पन्नासेक किलोमीटर चालवून हाजरा फॉलला पोचायचंय. धबधबा दरेकसा स्टेशनजवळच आहे. नवाटोल्याची वन समिती तिथली व्यवस्था बघते. चौघांच्या सायकली गिअरच्या, जाड गोटीच्या टायरच्या, पुढे शॉकअॅब्सॉर्बर. एकाचं चाक बसलंय, आणि त्यांचा हातपंप मागच्या चहाच्या टपरीवर राहिला.

पंक्चर निघतं नेहमीसारखंच. हवा भरताना अडतं. कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या वॉलची. या सायकलचा वॉल बारीक, टोकाला इवलासा पितळी नट. नळी घसरते, हवा फुस्स. त्यातच लाईट जाते, म्हणजे कॉम्प्रेसरही गेला.

मिस्त्री फ्रेमला टेकवलेला जुना पंप उचलतात. काळ्या सायकलींचा, क्लिपवाला. चौघांतल्या एका पोराने तो नट कसा सैल करायचा ते दाखवलं, मिस्त्रींनी क्लिप चढवली. घट्ट बसली. चाळीस हजारांची सायकल त्या पंपाने भरली. चौघे टाळ्या वाजवतात. मिस्त्री घाम पुसतात आणि पन्नास रुपये सांगतात. दुसऱ्यांना याचेच तीस. मला ते योग्यच वाटलं.

"काका, रोड सोडून जंगलातून वाट आहे का? ट्रेल?"

"आहे ना. गाडीवाट आहे. पण नाल्याले पाणी आहे आज. कमरेइतकं. पुलावरून जा."

हिरमुसले, पण पुलावरून गेले.

१२.३०

भात, वरण, तरोट्याची भाजी आणि सकाळच्या सात्या. पाऊस पुन्हा. समोरच्या बांध्यांत रोवणी आटोपलीय. यंदा ती हुंड्याने, म्हणजे ठोक मजुरीवर, दिली होती.

दुपारी १.१५

आजचं मोठं काम हे आहे. वरच्या टोल्यातली एक काळी सायकल, २८ चं चाक, रॉडब्रेक. मालक तिच्यावरून धान कांडायला खाली आणतो. चढ ढकलत, उतार बसून. ओव्हरऑइलिंग करायचंय.

आधी कॉटर. चढावर उभं राहून पायडल मारलं की सगळं वजन या करंगळीएवढ्या खिळ्यावर येतं. तो झिजला की पायडल प्रत्येक फेरीला खट्ट करतं. मिस्त्री नट काढून हातोडीने ठोकतात. निघत नाही. जळकं ऑइल सोडतात, बिडी पेटवतात, बिडी संपल्यावर पुन्हा ठोकतात. निघाला. नवा कॉटर कानशीवर घासतात, उतरती बाजू क्रँकला बसेपर्यंत. घालून बघायचं, काढायचं, चार हात घासायचं. जास्त घासला की वाया. दोन्ही पायडल एका रेषेत आले तेव्हाच नट आवळतात.

मग मागचं चाक. कोन उघडल्यावर ग्रीस दिसतं, ते पांढरं झालंय. नाल्यातून सायकल नेली की हबमध्ये पाणी शिरतं. छर्रे वाटीत काढतात. धुवायला रॉकेल असायचं, आता मिळत नाही, म्हणून डिझेल. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. मिस्त्री एकेक छर्रा बोटांत फिरवतात. खड्डे पडलेले डावीकडे, चांगले उजवीकडे. उजवीकडे चारच उरतात. सगळेच नवे घालतात. जुने-नवे मिसळले तर नवेही जातात म्हणे. ग्रीसमध्ये नऊ छर्रे एकेक करून बसवताना त्यांचे जाड हात वेगळ्याच माणसाचे वाटतात.

मजुरी २५०, सामान १९०. मालक येतो, दोनशे देतो. बाकीचे २४० धान निघाल्यावर. वहीत नोंद होते.

४.००

सायकल तपासायची म्हणजे उतारावर न्यायची. दुकानामागून गाडीवाट नाल्याकडे जाते. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवत. साजाची झाडं, बांबू, सागाची उघडी मुळं. उजव्या चाकोरीत दगड, डावीत चिखल. मिस्त्री गवतावरून निघतात, वळणाला डावीत घुसतात, मुळं आली की पायडलवर उभे राहून बूड सीटच्या मागे नेतात. वय पंचावन्नच्या पुढचं. सकाळच्या चौघांनी हे बघायला हवं होतं. रॉडब्रेक किंचाळतो आणि सायकल पाण्याच्या हातभर अलीकडे थांबते.

वर येताना ढकलत आणतात. "उतरताना सायकल आपली, चढताना आपण सायकलीचे."

५.३०

फॉलवरून परतणाऱ्या मोटारसायकली. खरी कमाई यांच्यावर. ट्यूबलेसचं पंक्चर १०० रुपये, पाच मिनिटांत. वातीसारखी पट्टी टोच्याने आत सारायची, वर आलेलं टोक कापायचं. सायकलीचं चाक खोलायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. आज अशी तीन. लाईट आल्यामुळे हवेचेही साठेक रुपये झाले. माघ पौर्णिमेला जवळच्या कचारगडच्या जत्रेला गोंड समाजाचे लाखो लोक येतात, तेव्हाही धंदा होतो तो जीपगाड्यांचा आणि मोटारसायकलींचा. मिस्त्रींचा मुलगा म्हणतो, सायकल बंद करा, नुसतं पंक्चर काढा. तो नागपुरात असतो.

७.१५

घरी पेटीतला गल्ला पलंगावर उपडा होतो. मुलींचे ११०, गोंदियावाल्यांचे ५०, ओव्हरऑइलिंगचे २००, पंक्चरचे ३००, हवेचे ६०. सातशे वीस. त्यात २१० सामानाचे. रबर, स्पोक, छर्रे, कॉटर, पट्ट्या. ते गोंदियाच्या दुकानदाराचे, उद्या सोमवारी द्यायचे ठरलेत. उरले ५१०.

"युरिया?" मिस्त्रींच्या बाई आतून विचारतात. रोवलेल्या धानाला दुसरा हात द्यायचाय. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. दोन लागतात. ५३३.

मिस्त्री नोटा पुन्हा मोजतात. मग ५३३ बाजूला काढून रुमालात बांधतात आणि उरलेल्या १८७ वर रबरबँड चढवतात. गोंदियावाला तेवीस रुपयांसाठी आठवडाभर थांबेल.