कमल बस्ती म्हणजे वस्ती नव्हे

निपाणीहून बसने बेळगावला गेले, मैत्रिणीबरोबर किल्ल्यात शिरले. ‘कमल बस्ती’ची पाटी वाचून मला वाटलं, इथं घरं असणार. मैत्रीण कानडी, ती हसली. बस्ती म्हणजे जैन मंदिर, कन्नड ‘बसदि’. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ते १२०४ च्या सुमारास बांधलं. आत नेमिनाथांची मूर्ती आहे. मान वर केली की छतातून उलटं लोंबणारं दगडी कमळ. चर्चमध्येसुद्धा मी एवढी गप्प नसते!

त्या मंदिराच्या दानाचे बेळगावचे दोन कन्नड शिलालेख मात्र लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपण इथं पाट्यांच्या भाषेवरून भांडतोय. ‘इथं असते तर तुला वाचून दाखवले असते,’ मैत्रीण म्हणाली. जुनं कन्नड तिलाही वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी.