रिकामा कोठा आणि पहिल्या पंचवीस कोंबड्या



ट्रॅक्टर आला आणि दुसरबीड-सिंदखेडराजा भागातल्या पुष्कळ घरांची बैलजोडी गेली. बैल गेले, कोठा मागे राहिला. त्यात आज मोडका वखर, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि खताच्या गोण्या पडलेल्या असतात. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने मिळते. तेल-मीठ आणि मुलांच्या वह्या मात्र दर आठवड्याला लागतात. म्हणून घरच्या बाईमाणसाने "कोठ्यात कोंबड्या ठेवू या" म्हटले तर ते ऐकावे, असे आमचे मत आहे. आम्ही ऐकले. पण घाई केली, आणि एका सकाळी दार उघडायच्या आत मुंगसाने अकरा कोंबड्या मारल्या. दाराखाली चार बोटे फट होती. बैलाला तिचे काय होते? मुंगसाला तेवढी पुरली.

चूक कुठे झाली ते नंतर समजले. कोठा बांधतात तो जनावर आत राहावे म्हणून. खुराड्याचे मुख्य काम उलटे, बाहेरचे आत येऊ नये हे. तेवढा फरक ध्यानात घेऊन जुना कोठा बदलावा लागतो.

सर्वांत आधी कोठा पूर्ण रिकामा करा. कोनाडे, आढ्याच्या खाचा, जुने डबे, सगळे तपासा. उसातल्या हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षे फोरेटचे दाणे वापरले. त्यावर २०२० च्या अखेरीस बंदी आली, तरी अर्धी पुडी कुठेतरी राहिलेली असतेच. कोंबडीला दात नाहीत. ती पोटात खडे घेऊन दाणा दळते आणि खड्यासारखे दिसेल ते टिपते. औषध लावलेले रंगीत बियाणेही ती सोडत नाही. कोंबडी मेली तर नुकसान आपले, पण थोडेसे विष पोटात जाऊन ती जगली तर अंडे लेकराच्या ताटात येते. सांडल्याची शंका असेल तर वरची वीतभर माती काढून कोंबड्या आणि विहीर यांपासून लांब खोल पुरा. मग मुरूम टाकून चोपा.

भिंतीच्या भेगा लिंपून वरून चुना मारा. कोंबडीचा गोचीड दिवसा भेगेत दडतो आणि रात्री रक्त पितो. दिवसा पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. जाळी घेताना दुकानदार षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी दाखवील. ती कोंबडी अडवते, कुत्रे अडवत नाही. खालचे तीन फूट अर्धा इंची वेल्ड जाळी लावा आणि तिचा फूटभर भाग जमिनीत गाडा. वरच्या भागाला पातळ जाळी चालेल.

पण भीतीपोटी चारी बाजूंनी टीन ठोकू नका. विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. सकाळी आत वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर कोंबडीने रात्रभर काय सोसले ते समजावे. उन्हाळ्यात छताला बाहेरून चुना द्या आणि वर पाचट अंथरा.

पाचटाचा खाली अंथरायलाही उपयोग होतो (जाळण्यापेक्षा हे बरे!). मात्र दोन-दोन इंच तोडून, खडखडीत वाळवून तीन-चार इंच थर द्या. अख्खे पाचट दबून ओले राहते. कारखान्याचा भुसा मिळाला तर तोही चालतो, पण ओल्या भुशाला बुरशी येते आणि ती कोंबडीच्या फुप्फुसात जाते. आठवड्यातून एकदा खालीवर करा. पुढे हेच कुजवून शेतात घालता येते.

दहा फूट लांब, बारा फूट रुंद कोठ्याचा अर्धा भाग साठ चौरस फूट होतो. पक्ष्याला दोन फूट धरले तर तीस बसतात. पहिल्या खेपेला पंचवीसच ठेवा. रात्री बसायला गोल बांबू, प्रत्येकीला आठ-दहा इंच. चार-पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी अंधारी फूटभर पेटी.

गावरान चालेल. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज अंडी जास्त देते. पक्षी कोणताही घ्या, मानमोडीची लस झाली का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिली लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात देतात, पुढची सुमारे आठव्या आठवड्याला टोचतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात तारखा लिहून घ्या. मानमोडी शिरली तर जाळीही कामाला येत नाही.

मोठे पक्षी आणले असतील तर आठ-दहा दिवस आतच ठेवा, दाणा-पाणी तिथेच द्या. नंतर दुपार कलल्यावर तासभर सोडा. दिवेलागणीला त्या आपणहून कोठ्याकडे वळतील. मोजून घ्या आणि मग दार लावा.