आधी ब्रेक, मग वळण

रेसिंग गेममधला नवखा खेळाडू वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतो आणि गाडी थेट कठड्यावर जाते. टायरची पकड मर्यादित असते. ती ब्रेकमध्येच खर्ची पडली की वळायला उरत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला, तर तेच वळण घ्यायला चौपट पकड लागते. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच लावायचा, चौथा, तिसरा, दुसरा असे गिअर क्रमाने उतरवायचे, बाहेरच्या कडेने शिरून वळणाच्या आतल्या टोकाला घासून जायचं आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. घाईने एकदम खालचा गिअर टाकला की मागची चाकं सुटतात. १९९७च्या ‘ग्रॅन टुरिस्मो’पासून हे बारकावे घरबसल्या शिकता येऊ लागले. मात्र त्यासाठी ऑटोमॅटिक सोडून मॅन्युअल गिअर निवडायला हवा.

कोलाडहून विळेमार्गे ताम्हिणी घाटात जाणाऱ्यांनी यातली ब्रेक-गिअरची शिस्त जरूर उचलावी. बाहेरून आत कापणारी रेषा मात्र मुळीच नको. वळणापलीकडून एसटी येत असू शकते, आपली डावी बाजू सोडायची नाही. उतारावर खालचा गिअर ठेवला की इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत. आणि रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, असं २०१७चे वाहनचालनाचे नियमही सांगतात.