तबकडी, सिंकचं बटण आणि डीजेचा कान

नांदेड-लातुरात ‘डीजे’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माणूस येतच नाही. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत येते. ‘डीजे लावला’ असं आपण म्हणतो, जणू ती वस्तूच आहे. मूळ शब्द मात्र माणसाचा आहे: डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा. तबकडी जाऊन संगणक आल्यावर या माणसाच्या कामातलं काय गेलं आणि काय उरलं, हे आज पाहू.

त्याचं काम असं. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळायचं, आणि नाचणाऱ्याचा पाय चुकू द्यायचा नाही. समजा, चालू गाण्याचे मिनिटाला १२४ ठोके आहेत आणि पुढच्याचे १२०. म्हणजे पुढच्याला सुमारे ३.३ टक्के जास्त वेग द्यायला हवा. टेक्निक्स कंपनीच्या १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर त्यासाठी सरकपट्टी होती. वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई. पण वेग जुळला तरी ठोक्यावर ठोका पडायला हवा. म्हणून तबकडीला बोटानं हलकेच पुढे-मागे करायचं. एका कानाला हेडफोन, त्यात पुढचं गाणं. दुसरा कान लोकांकडे.

यात एक अडचण होती. तबकडी जोरात फिरवली की लय वाढते आणि सूरही चढतो. ६ टक्के वेग वाढवला तर सा जवळजवळ कोमल रिषभावर जातो. आपले वैशेषिक दोन प्रकारचे संबंध सांगतात: संयोग आणि समवाय. संयोग सुटतो, समवाय सुटत नाही. थोड्या सैल अर्थानं म्हणू या की तबकडीवर सूर आणि लय यांचा समवाय होता, कारण दोन्ही एकाच फिरण्यातून येत. डिजिटलमध्ये ध्वनी आकड्यांत साठवलेला असतो. त्यामुळे सूर तसाच ठेवून लय बदलता येते. समवायाचा संयोग झाला! आणि ‘सिंक’चं बटण दाबलं की ठोकेही आपोआप जुळतात.

मग कला बुडाली का? गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञानं १९४९ मध्ये ‘एखादी गोष्ट माहीत असणं’ आणि ‘ती करता येणं’ यांत फरक केला. पोहण्याचं पुस्तक वाचून पोहता येत नाही. ठोके जुळवणं हे दुसऱ्या जातीचं ज्ञान. ते चुकतमाकतच येतं. बटणानं काम होतं, पण कान तयार होत नाही. हे नुकसान खरं आहे.

तरी तबकडीचे उमाळे काढण्यात अर्थ नाही. दोन टर्नटेबल आणि पेटीभर परदेशी तबकड्या आपल्याकडच्या किती पोरांना परवडल्या असत्या? लॅपटॉपनं ते दार उघडलं. आमचा प्रश्न वेगळाच आहे: यंत्रानं मोकळा केलेला तो कान आता कुठे लावायचा?

दोन गाण्यांचा मेळ यंत्र घालतं. गाण्याचा आणि गल्लीचा मेळ यंत्र घालत नाही. लातुरात शिकायला आलेली पोरं खोल्या घेऊन राहतात, आणि लग्नसराई ऐन परीक्षांच्या दिवसांत येते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला सर्वसाधारणपणे मनाईच आहे. पण आवाजाच्या खटक्यावर हात असतो तो माणसाचा. ‘डीजे’ला वस्तू म्हटलं की ही जबाबदारी कुणाचीच उरत नाही.

म्हणून या धंद्यात उतरणाऱ्या पोरांना आम्ही दोनच गोष्टी सांगू. पहिले काही महिने सिंक बंद ठेवून कानानं ठोके जुळवायला शिका. आणि काम चालू असताना एकदा ट्रकवरून खाली उतरा, शंभर पावलं चालत जा, कुणाच्या तरी बंद खिडकीपाशी उभं राहून स्वतःचंच गाणं ऐका. मग परत येऊन खटका कुठे ठेवायचा ते ठरवा.