‘अवश्य भेट द्या’ म्हणून गिऱ्हाईक येते का?

मोसम नदीकाठचे नामपूर हे बागलाण तालुक्यातले मोठे बाजारगाव. कांद्याचे लिलाव आणि परिसरातल्या डाळिंबाच्या बागा यांच्या जिवावर तिथे खते-औषधांपासून कापडापर्यंतची दुकाने चालतात. अशा कुठल्याही बाजारगावातला फ्लेक्स पाहावा. वर देवाचे नाव, खाली दुकानाचे, बाजूला मालकांचा फोटो, मग ‘सर्व प्रकारचा माल योग्य दरात मिळेल’ आणि शेवटी ठरलेली ओळ, ‘एकदा अवश्य भेट द्या’. यात दुकानदाराविषयी सगळे असते, पण वाचणाऱ्याने नेमके काय करायचे ते नसते. कधी यायचे, सोबत काय आणायचे, आल्यावर काय मिळेल, हे त्यानेच ताडायचे. छोट्या व्यवसायाची जाहिरात बहुधा इथेच फसते. माल चांगला असतो, माणसाला तो हवाही असतो, पण इच्छा आणि कृती यांच्यामधले शेवटचे काम दुकानदाराने गिऱ्हाइकावर टाकलेले असते.

हे अंतर किती महत्त्वाचे असते, याचा पुरावा दुकानदारीबाहेरच्या एका प्रयोगातून मिळतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या लसीविषयी विद्यार्थ्यांना पत्रके वाचायला दिली. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही पत्रके सौम्य होती, तर काही धडकी भरवणारी. पत्रके वाचून लस घ्यावी असे अनेकांना वाटले. घेतली मात्र जेमतेम तीन टक्के विद्यार्थ्यांनी. ज्यांना त्याच मजकुरासोबत दवाखान्याचा नकाशा, वेळा आणि आपल्या दिवसात ही फेरी कुठे बसवता येईल याची सूचना दिली होती, त्यांच्यातले सुमारे अठ्ठावीस टक्के दवाखान्यात पोहोचले. दवाखाना कुठे आहे हे बहुतेकांना आधीही माहीत होते. फरक पडला तो ‘कधीतरी’ची जागा ठरावीक वेळेने घेतल्यामुळे.

हाच नियम ठिबकच्या दुकानाला लावून पाहू. ‘ठिबकचे सर्व साहित्य मिळेल, अवश्य भेट द्या’ याऐवजी समजा असे लिहिले: ‘बागेची लांबी-रुंदी आणि दोन ओळींतले अंतर कागदावर लिहून आणा, किती नळी लागेल आणि खर्च किती येईल, ते लगेच लिहून देऊ. घेतलेच पाहिजे असे नाही.’ इथे एकच काम सांगितले आहे आणि ते घरबसल्या सुरू करता येते. बदल्यात काय मिळणार हेही स्पष्ट आहे आणि अडकून पडण्याची भीती राहत नाही. लिलावानंतर हिशोबाची पट्टी खिशात घालून गावाकडे निघालेल्या शेतकऱ्याला थांबायला हे कारण पुरते. त्याच फ्लेक्सवर फोन करा, व्हॉट्सॲप करा, पेज लाइक करा, शाखेला भेट द्या असे चार हुकूम कोंबले, तर तो चारांपैकी एकही पाळत नाही.

अर्थात, नुसते पाऊल सांगून भागत नाही. येलच्या प्रयोगातही आधी कारण पटलेल्यांनाच नकाशाचा उपयोग झाला. आपल्याकडचा दाखला लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा. १९०३च्या सुमारास हा नांगर तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि विक्री सुरू व्हायलाच सुमारे दोन वर्षे गेली. ‘आजच खरेदी करा’ असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहून ती शंका फिटली नसती. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले, ते कारखान्याच्या मालाची ओळख लोकांना व्हावी म्हणून. जिथे शंका मोठी, तिथे पहिले आवाहन खरेदीचे नसावे. ‘येऊन पाहा’, ‘एका वाफ्यात लावून बघा’ एवढेच मागावे.

यावर पहिला आक्षेप असा की नामपूरसारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, मग हे कशाला? पण ओळख असली म्हणजे आज दुकानाची पायरी चढण्याचे निमित्त मिळतेच असे नाही. उलट ओळखीच्या दुकानात भाव विचारून रिकाम्या हाती परतायला माणूस अधिक संकोचतो. ‘घेतलेच पाहिजे असे नाही’ ही ओळ तिथे जास्त कामाची. दुसरा आक्षेप आपल्या स्वभावातला: असे थेट सांगणे म्हणजे आर्जव किंवा आगाऊपणा. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रात तो समजण्यासारखा आहे. तरी ती पाटी शोभते ती गिऱ्हाईक आपणहून रांग लावते त्या दुकानाला. नव्या दुकानदाराने वेळ, दर आणि पद्धत स्पष्ट सांगणे यात गिऱ्हाइकाच्या वेळेचा मानच असतो.

तिसरा मुद्दा घाईचा. ‘फक्त आजच’ लिहिले की लोक धावतात, हे खरे आहे. मात्र तोच फ्लेक्स महिनाभर झळकला, तर लहान गावात ते सगळ्यांच्या लक्षात येते आणि पुढची खरी सवलतही खोटी ठरते. ऑनलाइन विक्रीत तर अशी खोटी घाई हा आता नियमभंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या क्लृप्त्यांचे १३ प्रकार नोंदवले, त्यात ती आहे. शेतीच्या गावाला खोट्या घाईची गरजही नाही. उन्हाळ कांद्याचे रोप टाकण्याचे दिवस, डाळिंबाचा बहार धरण्याची वेळ या मुदती खऱ्याच आहेत. ‘रोप टाकण्यापूर्वी बियाणे नोंदवा’ हे सांगताना दुकानदार गिऱ्हाइकाच्याच वेळापत्रकाची आठवण करून देतो.

आवाहन लागू पडले की नाही, हे मोजताही येते. अमेरिकेतले जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३च्या आपल्या पुस्तकात कूपनांचा हिशोब ठेवून जाहिराती तपासण्याचा आग्रह धरला होता. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. फ्लेक्सवर ‘माप लिहून आणा’ आणि व्हॉट्सॲपवर ‘मापाचा फोटो पाठवा’ असे लिहावे, आणि किती कागद आले, किती फोटो आले ते वहीत टिपावे. महिन्याने जे आवाहन कोरे राहिले असेल ते बदलावे. फ्लेक्स छापायला देण्याआधी शेवटची ओळ दुकानाबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्यावी आणि विचारावे, ‘आता काय करशील?’ उत्तर देताना तो अडखळला, तर छपाई थांबवून ती ओळ पुन्हा लिहिलेली बरी.