बाळाची हरवलेली पावलं

नवजात बाळाला काखेत धरून त्याचे तळवे टेबलावर टेकवले, की ते एकामागून एक पाऊल टाकतं. दोनेक महिन्यांत ही पावलं नाहीशी होतात आणि वर्षाच्या सुमारास खऱ्या चालण्याच्या रूपात परततात. मधल्या काळात ती जातात कुठे?

येल विद्यापीठातले अर्नॉल्ड गेसेल आणि न्यूयॉर्कच्या मर्टल मॅकग्रॉ यांच्या काळात, म्हणजे १९३०-४०च्या दशकांत, उत्तर मेंदूत शोधलं गेलं. मेंदूचा वरचा थर परिपक्व होताना जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो आणि पुढे चालण्याचा ताबा स्वतःकडे घेतो, अशी ही मांडणी. ती दीर्घकाळ टिकली.

पुढे इंडियाना विद्यापीठात गेलेल्या एस्थर थेलन यांना ती पटली नाही. बाळ उताणं असताना पाय झाडतं, त्याचा आकृतिबंध त्यांना पावलांसारखाच दिसला. आणि पाय झाडणं दोन महिन्यांनंतरही चालूच राहतं. मेंदूनेच ही हालचाल दाबली असेल, तर बाळ आडवं होताच ती परत कशी येते? थेलन यांनी लक्ष पायांकडे वळवलं. या महिन्यांत बाळाच्या पायांवर चरबी भराभर चढते, स्नायूंची ताकद मात्र मागे राहते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी व सहकाऱ्यांनी बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली, तर पावलं घटली. पाय पाण्यात बुडतील असं धरलं, तर वाढली! मेंदू तोच होता. फक्त पाय हलके झाले होते.

इतका साधा प्रयोग इतकी जुनी समजूत हलवू शकतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे सात महिन्यांची, एरवी पाऊल न टाकणारी बाळं आधार देऊन हळू चालणाऱ्या ट्रेडमिलवर धरली, तर तीही आळीपाळीने पावलं टाकू लागली. स्नायू, वजन, गुरुत्वाकर्षण, पायाखालची जमीन आणि मेंदू यांच्या मेळातून हालचाल घडते, त्यांतला कुणी एकटा सूत्रधार नसतो, हा विचार थेलन आणि लिंडा स्मिथ यांनी १९९४च्या ग्रंथात आकलनालाही लावला.

त्याचा प्रत्यक्ष उपयोगही झाला. डाउन सिंड्रोम असलेली मुलं उशिरा चालतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा काही बाळांना पालकांनी घरीच, रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस छोट्या ट्रेडमिलवर धरलं. नेहमीचे उपचार या बाळांना आणि ट्रेडमिल नसलेल्या दुसऱ्या गटालाही मिळत होते, तरी ही बाळं इतरांच्या सरासरी तीन महिने आधी स्वतंत्र चालू लागली.